बिनतारी तारांबळ

गेल्या आठवड्यात सांगलीला मेहुण्याच्या मुलाची मुंज झाली. सासरच्या कार्यात जावयाच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: मानाचा पाट नाहीतर कॅमेरा. पाट थोरल्या साडूंनी पटकावला.

मातृभोजन चाललं होतं. बटूला आईच्या पानात आता शेवटचं जेवायचं होतं, पण त्याचं सगळं लक्ष शेजारी बसलेल्या अष्टवर्गातल्या पोरांच्या जिलब्यांकडे. तरी आईने घास पुढे केला, याने मोठ्ठा आ केला, तिचे डोळे भरून आले आणि माझं बोट नेमकं तेव्हाच खाली गेलं. असा फोटो दहा मुंजींत एकदा मिळतो. सासूबाईंनी तो माझ्या खांद्यावरून पडद्यावर पाहिला आणि तिथून माझे ग्रह फिरले.

“जावईबापू, ताईला गुडघ्यामुळे येता आलं नाही हो. तेवढा हा एक फोटो आत्ताच पाठवा तिला नाशिकला.”

“घरी गेलो की लगेच पाठवतो.”

“घरी कशाला?” बायको म्हणाली. “वायफाय आहे ना तुझ्या कॅमेऱ्यात? घेताना तर तेच सांगत होतास.”

सांगत होतो खरा. वायफाय नसलेलं आधीचं मॉडेल स्वस्तात मिळत होतं. ते सोडून हे घ्यायला मी घरात जी कारणं दिली, त्यांत हे पहिलं होतं. आता चार पाहुण्यांसमोर ते सिद्ध करायची वेळ आली.

११.१० वाजता कॅमेऱ्याचा मेनू उघडला. वायफाय कुठे असावं? फोटो पाहायच्या पानावर नाही, सेटिंगच्या पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. पाचव्या पानावर, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं कोपऱ्यात अवघडून बसलेलं सापडलं.

११.१३ वाजता फोनवरचं ॲप उघडलं. दिवाळीनंतर प्रथमच उघडल्यामुळे ते आधी स्वतःला अपडेट करणार म्हणालं. मंगल कार्यालयाच्या रेंजमध्ये.

११.१९ वाजता ॲपने विचारलं, तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल का? कॅमेरा माझ्या गळ्यात, फोन माझ्या हातात, दोघांत एक वीत अंतर. तरी याला माझा पत्ता हवा. दिला.

११.२२ वाजता पासवर्ड. कॅमेरा आपल्या पडद्यावर तो दाखवतो आणि आपण फोनमध्ये टाकायचा. त्यात एक गोल होता. तो शून्य की ओ, यावर मी, बायको आणि भटजींचा मुलगा यांचं मतदान झालं. दोन विरुद्ध एक असा शून्याचा विजय झाला. तो ओ निघाला.

११.२६ वाजता जोडणी झाली आणि फोन म्हणाला, या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का? घाईत मी ‘नाही’ दाबलं. पुन्हा पहिल्यापासून.

११.३१ वाजता फोटो एकदाचा फोनमध्ये उतरला. व्हॉट्सॲपवर टाकला. गोल फिरू लागलं. फिरतच राहिलं. कारण फोन अजून कॅमेऱ्याच्या वायफायला चिकटलेला, आणि कॅमेऱ्याकडे कुठलं इंटरनेट? तो स्वतःच एक छोटं वायफाय उभं करतो, फोनला त्यात बोलावतो आणि जगापासून तोडतो. म्हणजे फोटो घ्यायचा तर जग सोडायचं, जगाला द्यायचा तर कॅमेरा सोडायचा.

११.३४ वाजता फोटो नाशिकला गेला. तिथे आधीच एक फोटो पोचलेला होता. बायकोच्या तेरा वर्षांच्या भाचीने तिच्या आईच्या फोनवरून ११.११ लाच तो पाठवला होता. त्यात बटूच्या आईचं अर्धं डोकं कापलेलं, बटूचा आ हललेला आणि कोपऱ्यात आचाऱ्याचा टॉवेल. त्याखाली ताईमावशींचं उत्तर होतं: “सुरेख!!! कोणी काढला?” माझ्या फोटोवर नुसता अंगठा आला.

आता तुम्ही म्हणाल, हा तुमचा अडाणीपणा, यंत्राला का बोल लावता? कबूल. रोज जोडणाऱ्याला हे सगळं दोन मिनिटांत जमतं. पण रोज जोडणारे किती? आणि जमतं म्हणजे काय जमतं, त्याचाही हिशेब करून टाकू.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघणारा चांगल्या प्रतीचा जेपेग फोटो धरा १० एमबीचा. मुंजीचे फोटो धरा ६००. झाले ६ जीबी. साध्या कॅमेऱ्याच्या वायफायने सेकंदाला ३ एमबी पाठवले तरी नशीब म्हणायचं. म्हणजे दोन हजार सेकंद, तेहतीस मिनिटं. तेवढा वेळ फोन झोपता कामा नये, कॅमेरा झोपता कामा नये आणि मधे कोणाचा फोन येता कामा नये. हेच कार्ड काढून साध्या रीडरमध्ये घातलं आणि सेकंदाला ८० एमबीचा वेग मिळाला, तर सव्वा मिनिट. रॉ फाइल असतील तर एकेक फोटो पंचवीस-तीस एमबीचा. मग वायफायवर दीड तास, रीडरवर साडेतीन मिनिटं.

आमच्या गल्लीतला लग्नाचा फोटोग्राफर याला हिशेब म्हणतच नाही. “दादा, लग्न वायफायवर उतरवायला बसलो तर पार्टीला फोटो बारशाला मिळतील,” एवढं बोलून तो कार्ड काढतो.

त्यात बॅटरीचा प्रश्न. हल्लीच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी सर्रास असते. छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या हजार-बाराशेच्या घरातल्या. त्यातूनच पडदा चालवायचा, फोकस चालवायचा, आणि वर हे बिनतारी लाड. भिक्षावळीपर्यंत माझ्या कॅमेऱ्याने मान टाकली. मग बॅटरी चार्ज करायला मी काय शोधत फिरलो? वायर.

बिनतारी म्हणतात त्या कारभारात तार शेवटी कुठेतरी निघतेच. हे आजचं नाही. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात फिलिप कान नावाचा गृहस्थ बायकोच्या बाळंतपणासाठी प्रसूतिगृहात थांबला होता. हातात वेळ होता आणि डोक्यात किडा. त्याने डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून नवजात मुलीचा फोटो तिथूनच दोन हजारांवर ओळखीच्यांना पाठवला. मोबाइलवरून तत्काळ पाठवलेला पहिला फोटो म्हणून तो सांगितला जातो. पण कॅमेऱ्यातून फोनपर्यंत तो आला कसा? तारेनेच.

दुकानात विकायला हा प्रकार २००५ च्या सुमारास आला. कोडॅकने ईझीशेअर-वन काढला, त्याचं वायफायचं कार्ड वेगळं विकत घ्यायचं. म्हणजे वायफायवाला कॅमेरा घ्या आणि वायफाय नंतर घ्या. निकॉननेही त्याच वर्षी कूलपिक्स पी१ मध्ये वायफाय बसवलं. २००७ मध्ये आय-फाय नावाचं कार्ड आलं. दिसायला साधं एसडी कार्ड, पण पोटात वायफाय. कुठल्याही जुन्या कॅमेऱ्यात घाला, घरच्या वायफायच्या टप्प्यात आलात की फोटो आपोआप संगणकावर. कल्पना इतकी चांगली की मला आजही तिच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण त्या कार्डाची गाठ कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेली होती. २०१६ मध्ये कंपनीने जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला आणि चांगली धडधाकट कार्डं एका फतव्याने निवृत्त झाली. माझ्याकडच्या एका जुन्या केबलला तेव्हाही कोणाचा सर्व्हर लागत नव्हता आणि आताही लागत नाही.

त्याच २०१६ मध्ये निकॉनने डी५०० बरोबर स्नॅपब्रिज आणलं. कॅमेरा ब्लूटूथने फोनला कायमचा बांधलेला, फोटो काढत राहा, ते आपापले फोनमध्ये येत राहतील. येत राहायचेही. फक्त २ मेगापिक्सेलचे. डी५०० चा सेन्सर जवळजवळ २१ मेगापिक्सेलचा. ऊस एकरभर कारखान्याला आणि घरी चघळायला एक कांडं, हा हिशेब सांगलीकडच्या माणसाला वेगळा समजवायला नको.

गंमत अशी की ते कांडंही पुरतं. तुम्ही २४ मेगापिक्सेलचा फोटो धाप लागेपर्यंत फोनमध्ये ओढता आणि व्हॉट्सॲपवर टाकता. व्हॉट्सॲपची साधी पाठवणी त्याची लांब बाजू सोळाशे पिक्सेलवर आणून ठेवते. म्हणजे उरले पावणेदोन मेगापिक्सेल. २०२३ पासून ‘एचडी’चं बटण आहे, पण ते दाबणारी मावशी अजून माझ्या पाहण्यात नाही. त्यातून मावशी तो बघणार चष्मा न लावता, आणि ग्रुपवर पुढे ढकलणार.

ॲपविषयी वेगळा शिमगा करायला हवा. सोनीचं आधी प्लेमेमरीज मोबाइल होतं, मग इमेजिंग एज मोबाइल झालं, मग क्रिएटर्स ॲप. फुजीचं कॅमेरा रिमोट होतं, ते नव्या कॅमेऱ्यांसाठी एक्सॲप झालं. निकॉनचं वायरलेस मोबाइल युटिलिटी जाऊन स्नॅपब्रिज आलं. शहराचं नाव बदललं म्हणून रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. तरी आपण दरवेळी नवं नाव वाचून नव्या आशेने ते उतरवून घेतो. कार्ड रीडरला मी आजवर कोणत्याही नावाने हाक मारलेली नाही. तो येतो.

बिनतारीच्या या भाबड्या आशेला सर्वांत मोठा पुढारी भेटला तो ॲपल. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी नवा मॅकबुक प्रो आणला आणि त्यातली एसडी कार्डाची खाच बुजवून टाकली. लोकांनी विचारलं, अहो, फोटोग्राफरांनी काय करायचं? कंपनीच्या विपणनाचे प्रमुख फिल शिलर यांनी तेव्हा एका मुलाखतीत कारणं सांगितली. ती खाच जरा अडचणीचीच होती, कार्ड अर्धं बाहेर लोंबत राहायचं. आणि आता कॅमेऱ्यांतच बिनतारी सोय येऊ लागली आहे. ही सोय ज्यांनी रोज वापरून पाहिली होती, त्यांनी ते ऐकून काय केलं असेल? डोंगल विकत घेतला. लाखाच्या वरचा लॅपटॉप आणि त्याच्या कानाला लटकणारा डोंगल, असा पाच वर्षं संसार चालला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो आले. त्यांत खाच परत आली होती. तिच्या परत येण्याची त्यांनी चक्क जाहिरात केली. बिनतारी फोटो भारी असते तर जगातल्या सर्वांत हट्टी कंपनीने आपलाच शब्द गिळला नसता. या वादात मला याहून मोठा पुरावा नको.

बरं, ज्यांना खरोखर एका मिनिटाचीही घाई असते, ते काय करतात? ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या रेषेपाशी बसलेल्या छायाचित्रकाराकडे बघा. धावपटू अजून धापा टाकत असतो तोवर फोटो जगभरच्या संपादकांकडे निघालेला असतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या कुशीत नीट बघाल तर एक केबल खुपसलेली दिसते, आपल्या ऑफिसच्या संगणकाला असते तसली लॅनची. कॅननचा वन-डी एक्स, निकॉनचा डी४, सोनीचा ए९, या महागड्या कॅमेऱ्यांना तिच्यासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं आहे. ऐंशी हजार माणसं मोबाइल उंचावून बसलेल्या स्टेडियममध्ये हवेवर कोण विसंबणार? त्या कॅमेऱ्यांना बिनतारी पाठवणीचीही सोय मिळते, आणि जिथे वायर ओढता येत नाही तिथे ते ती वापरतातही. पण वायर पोचत असेल तिथे वायर. लाखांचा कॅमेरा वायरीने फोटो पाठवतो आणि आमच्यासारख्या हौशांना मात्र वायरीची लाज वाटते.

वायरीची बाजू घेतोय म्हणून ती संतसज्जन आहे असं समजू नका. आमच्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे, किलोचा. त्यात वायरी राहतात. मिनी, मायक्रो, टाइप-सी, आणि एक अशी चपटी, जी २००९ च्या एकाच कॅमेऱ्याला बसत असे. तो कॅमेरा गेला, ती आहे. एक वायर ओढली की सात बाहेर येतात आणि हवी ती आठवी असते. काही वायरी दिसायला सारख्या, पण नुसतंच चार्जिंग करतात, फोटो म्हटलं की हात वर. सगळे मिळून टाइप-सीवर आले, आयफोनही २०२३ मध्ये आला, तेव्हा कुठे या डब्याला तळ दिसायची आशा निर्माण झाली. नव्या कॅमेऱ्यातून नव्या फोनमध्ये एकच वायर लावून फोटो उतरतात, पासवर्ड विचारत नाहीत, आणि त्याच वेळी फोनचं इंटरनेटही चालू राहतं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, डेटा वाहणारी वायर तेवढी हवी.

मग ते वायफाय घेऊन करायचं काय? एक काम आहे, आणि त्याची जाहिरात कोणी धड करत नाही. घरच्या फोटोग्राफरचा फोटो घरच्या अल्बममध्ये नसतो. आमच्या लग्नानंतरच्या अठरा वर्षांचे फोटो पाहून एखादा परका माणूस म्हणेल, या बाई एकट्याच संसार करतात वाटतं. कॅमेरा तिवईवर ठेवायचा, फोन त्याला जोडायचा, फोनच्या पडद्यावर सगळी मंडळी नीट दिसतायत ना ते बघायचं, फोन मुठीत लपवून स्वतः मागच्या रांगेत उभं राहायचं आणि बोट दाबायचं. टायमर लावून धावत येताना साडी-धोतरात पाय अडकून पडायचे दिवस संपले. सांगलीतही दुपारी, दुसरी बॅटरी घालून, मी हा प्रयोग केला. एकवीस माणसं, बटूसकट, आणि मागे डावीकडून तिसरा मी. थोरल्या साडूंच्या पाटापेक्षा ती जागा मला जास्त मानाची वाटली.

दुसरं काम, ब्लूटूथने कॅमेऱ्याचं घड्याळ फोनबरोबर चालतं. नाहीतर बॅटरी मेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते आणि आजीची पंच्याहत्तरी तिच्या साठीआधी झालेली दिसते.

आणि तिसरं, तो एक फोटो. एकच. मावशींना पाठवायचा. तो वायफायने जरूर पाठवावा, पण आदल्या रात्री घरी बसून जोडणी करून ठेवावी, ॲप अपडेट करावं आणि सासूबाई मागे उभ्या नाहीत ना ते पाहावं.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. नव्या कॅमेऱ्यात वायफाय आता बहुधा असतंच. असू द्या, नमस्कार करा, पण त्यासाठी म्हणून वेगळा रुपया मोजू नका. वायफाय नाही म्हणून कोणी चांगला जुना कॅमेरा स्वस्तात विकत असेल, तर त्याचं मत बदलायच्या आत उचला. उरलेल्या पैशांत लेन्सला काहीतरी हातभार लागेल. आणि काहीशे रुपयांत मिळणारा एक रीडर घ्या. खरं तर दोन घ्या. वायफायचा एक गुण रीडरला कधीच येणार नाही: वायफाय कोणी उसनं नेत नाही.

मुंजीचे ६१२ फोटो अजून माझ्या कार्डातच आहेत. सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले. मांडवातून माझा काळा रीडर ज्या कोणी ‘दोन मिनिटांत देतो’ म्हणून नेला असेल, त्याने तो कृपया परत करावा. नाव विचारणार नाही.